खत, हुंडी, चेक : सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजारातला मागोवा

मराठी माणसाच्या कानावर हुंडी पडली ती कीर्तनात. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंनी जुनागडच्या नरसी मेहत्यांच्या हाती रोकड दिली आणि मेहत्यांनी शामळशा शेठच्या नावाने हुंडी लिहून दिली. असा शेठ द्वारकेत कोणाला ठाऊक नव्हता. शेवटी देवच शेठ होऊन आला आणि हुंडी पटवून गेला. महिपतींच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे. त्याच कीर्तनात पुढे दामाजीपंत येतात. दुष्काळात पंतांनी वाटलेल्या सरकारी धान्याची रक्कम विठूने बिदरच्या दरबारात भरली आणि पंतांसाठी पावती आणली. आणि तुकोबा येतात. घरच्या महाजनकीत लोकांनी लिहून दिलेली कर्जखते त्यांनी भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली.

या तीन कथांत तीन कागद आहेत. अमुक माणसाला पैसे दे, असा तिसऱ्याला केलेला हुकूम म्हणजे हुंडी. मी तुला पैसे देईन, असे वचन म्हणजे खत. आणि पैसे पोचल्याचा पुरावा म्हणजे पावती. आजचा चेक हुंडीच्या कुळातला, प्रॉमिसरी नोट खताच्या कुळातली. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरच्या मैदानाला लागून असलेल्या सौंसर आणि पांढुर्णा या दोन तालुक्यांत कापूस आणि संत्र्याच्या व्यापाराबरोबर हे सगळे कागद येऊन गेले. त्यांचा माग काढताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कागद बदलत गेला, पण शेतकऱ्याची जागा फारशी बदलली नाही. खतावर अंगठा त्याचा असे. चेक वटण्याची वाट पाहणाराही तोच.

खताची वंशावळ सर्वांत जुनी आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात कर्जाचा कागद कसा असावा हे नेमके सांगितले आहे. वर्ष, महिना, पक्ष आणि तिथी लिहावी, दोघांची नावे, जात, गोत्र आणि वडिलांचे नाव लिहावे, मजकूर संपल्यावर ऋणकोने वरील लेख आपल्याला मान्य असल्याचे आपल्या हाताने नोंदवावे, साक्षीदारांनी सही करावी. या स्मृतीवरची प्रसिद्ध टीका ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने इ. स. ११०० च्या सुमारास कल्याणी चालुक्यांच्या राजधानीत लिहिली आणि पुढे आपल्याकडचा हिंदू कायदा तिच्यावरच उभा राहिला. स्मृतीच्या त्या अध्यायातले दोन नियम मला विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला, ऋणकोने जसजशी रक्कम दिली तसतशी ती कागदाच्या पाठीवर लिहावी आणि सगळी फिटली की कागद फाडून टाकावा. दुसरा, लेखी कर्ज तीन पिढ्यांपर्यंत देय आहे. पाठीवर लिहिण्याचा नियम ऋणकोच्या रक्षणासाठी होता, कारण दिलेले पैसे नाकारले जाऊ नयेत. तीन पिढ्यांचा नियम धनकोच्या बाजूचा होता. या दोन्ही गोष्टी पुढच्या कायद्यांत परत भेटतात आणि दोन्ही वेळा त्यांचा अर्थ उलटलेला असतो.

हुंडीचे जग वेगळे होते. ते गावाच्या चावडीत घडत नसे, एका पेठेतून दुसऱ्या पेठेत घडत असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरला. १६७६ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात सुरतेवर काढलेल्या हुंड्यांचे दर आहेत. बऱ्हाणपूरहून अडीच ते तीन टक्के, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, ढाक्याहून दहा. या हुंडणावळीत नुसते अंतर नव्हते, वाटेवरचा धोकाही होता. काही हुंड्यांचे पैसे माल सुखरूप पोचला तरच द्यायचे असत. अशा हुंडीला जोखमी हुंडी म्हणत. म्हणजे कर्ज, हुंडणावळ आणि विमा ही तिन्ही कामे एकच कागद करत होता.

हुंडी लिहिण्याची रीत पाहिली की त्या काळच्या व्यापाऱ्यांची बुद्धी दिसते. रक्कम आकड्यात, मग अक्षरात, आणि मग तिची निमपट लिहून ‘त्याचे दुप्पट पुरे’ असे लिहायचे. हजाराची हुंडी असेल तर पाचशेचे दुप्पट. एका आकड्यात खाडाखोड करून भागत नसे, सगळे कोडे बदलावे लागे. पाहताक्षणी पैसे द्यायचे असतील तर दर्शनी हुंडी, ठरलेल्या मितीला द्यायचे असतील तर मुदती. धनीजोग हुंडीचे पैसे धन्याला मिळत. शाहजोग हुंडीचे पैसे फक्त पेठेतल्या प्रतिष्ठित शहालाच मिळत, त्यामुळे वाटेत चोरट्याच्या हाती लागली तरी त्याला ती पटवता येत नसे. हुंडी हरवली तर पेठ लिहून देत, तीही हरवली तर परपेठ, आणि त्यानंतर पंचांसाठी मेजर. पेढीने हुंडी सकारली नाही तर त्याच गावातल्या दुसऱ्या सावकाराच्या नावे आधीच लिहून दिलेली जिकरी चिठ्ठी असे. लिहिणाऱ्याची अब्रू राखण्यासाठी तो दुसरा सावकार पैसे देई. पटवलेल्या हुंडीला खोका म्हणत आणि तो जपून ठेवत.

यातला एकही नियम सरकारने केलेला नव्हता. तो पाळला जाई, कारण नकारलेल्या हुंडीची बातमी पेठांपेठांत फिरे आणि त्या पेढीचा कागद पुन्हा कोणी घेत नसे.

सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख तेव्हा आधी देवगडच्या गोंड राजांचा होता, नंतर नागपूरकर भोसल्यांचा झाला. नागपूरचा रुपया वेगळा, पुण्याचा वेगळा, कंपनीचा वेगळा, आणि एकाचा दुसरा करताना बट्टा जाई. अशा बाजारात हुंडीला पर्याय नव्हता. रघूजी तिसऱ्यांच्या मृत्यूनंतर १८५४ साली डलहौसीने हे राज्य खालसा केले आणि १८६१ साली मध्यप्रांत झाला. राज्य गेले तरी हुंडीचे जाळे गेले नाही, उलट वाढले. बिकानेरच्या डागा घराण्याची बन्सीलाल अबीरचंद ही पेढी कामठी-नागपुरातून मोठी झाली आणि मध्यप्रांतातली सर्वांत नावाजलेली पेढी ठरली. नागपूरच्या कस्तुरचंद पार्कला ज्यांचे नाव आहे ते सर कस्तुरचंद डागा याच घराण्यातले.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड-नागपूरच्या कापसाची गरज पडली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. या कापसाच्या व्यापारात पैसा हुंडीनेच फिरे. मुंबईचा व्यापारी अडत्याला माल घ्यायला सांगे, अडत्या मुंबईवर हुंडी काढून ती नागपूरच्या पेढीला विकून रोकड उभी करी आणि त्या रोकडीने कापूस घेई. खेड्यातल्या शेतकऱ्यापर्यंत ती हुंडी कधी पोचतच नसे. त्याला मिळे ती उरलेली रोकड, मागचे खत वळते करून घेतल्यावरची. एकाच व्यवहारात व्यापाऱ्यांमध्ये हुंडी चाले आणि शेतकऱ्याच्या माथी खत असे. हुंडीच्या कौतुकात ही दुसरी बाजू विसरली जाते, म्हणून ती इथे मुद्दाम लिहितो.

खताचे काय झाले? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या लेखी कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. तीन पिढ्यांच्या जागी तीन वर्षे आली. वरवर पाहता ही ऋणकोची सुटका होती. पण सावकाराने दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घ्यायला सुरुवात केली. कर्ज फिटण्याऐवजी त्याला दर तीन वर्षांनी पालवी फुटू लागली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या उठावात लोकांचा रोख खतांवर होता. सावकाराकडून कागद हिसकावून घेऊन ते जाळले गेले. चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. मध्यप्रांताला असे संरक्षण मिळायला जागतिक मंदी यावी लागली. १९३३ साली कर्ज-तडजोडीचा, १९३४ साली सावकारीचा आणि १९३९ साली कर्जमुक्तीचा कायदा झाला. सौंसरच्या शेतकऱ्याचा या तीन कायद्यांशी संबंध आला तो उशिरा, पण आला.

मुदतीचा नियम आजही तीन वर्षांचाच आहे आणि इथेच याज्ञवल्क्याचा पहिला नियमही उलटून परत आला. ऋणकोने मुदत संपण्याआधी थोडी रक्कम दिली आणि ती दिल्याचे प्रॉमिसरी नोटेच्या पाठीवर स्वतः लिहून किंवा सही करून नोंदवले, तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तिथून पुन्हा तीन वर्षे मोजली जातात. म्हणून सावकार पाचशे रुपये घेतो आणि पाठीवर सही घेतो. जी नोंद ऋणकोला वाचवण्यासाठी सांगितली होती ती आता धनकोचा दावा जिवंत ठेवते.

सगळ्या हिंदुस्थानासाठी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट झाला तो १८८१ साली, आणि तो १ मार्च १८८२ पासून लागू झाला. त्याचा पहिला मसुदा १८६६ सालचा. मध्ये पंधरा वर्षे गेली, कारण इंग्लंडच्या रूढीपासून तो दूर जातो अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. प्रॉमिसरी नोट, बिल ऑफ एक्स्चेंज आणि चेक या तिघांच्या व्याख्या त्यात आहेत. या तिघांचा विशेष हा की कागद हातोहात जाऊ शकतो, आणि ज्याने तो सद्भावाने, मोबदला देऊन, मुदतीआधी घेतला त्याचा हक्क आधीच्या माणसांच्या भानगडींनी सहसा बुडत नाही. साधे खत दुसऱ्याला दिले तर त्याच्याबरोबर त्याची भांडणेही जातात. या कागदाचे तसे नाही.

हुंडीचे मात्र या कायद्याने काही ठरवले नाही. पहिल्याच कलमात सूट आहे. पौर्वात्य भाषेत लिहिलेल्या कागदांबाबतची स्थानिक रूढी या कायद्याने बदलत नाही, मात्र कागदातच तसे लिहिले असेल तर कायदा लागू होतो. शतकानुशतके चाललेल्या रिवाजापुढे कलकत्त्याच्या कायदेमंडळाने माघार घेतली, असे मी याला म्हणतो. हुंडीला खरा धक्का पुढे १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याने बसला. मागताक्षणी धारकाला पैसे देण्याचे वचन देणारा कागद काढायचा अधिकार कलम ३१ ने फक्त रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकारकडे ठेवला. बँकेतल्या खात्यावरचा चेक तेवढा वेगळा. आपल्या खिशातल्या दहा रुपयांच्या नोटेवर गव्हर्नरचे जे वचन छापलेले असते ते रचनेने प्रॉमिसरी नोटेचेच आहे. फक्त १८८१ च्या कायद्याने चलनी नोटांना त्या व्याख्येबाहेर ठेवले आहे.

चेकचा प्रसार इथे फार सावकाश झाला. प्रत्येक चेकवर एक आण्याचा स्टँप लागे, तो १९२७ साली रद्द झाला. त्याच दशकात नागपूर-इटारसी रेल्वेमार्ग झाला आणि पांढुर्ण्याच्या मालाला दिल्लीकडची वाट मिळाली. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्यानंतर तालुक्याच्या गावात बँकेची शाखा ही नवलाई राहिली नाही. चेकचे फॉर्म हिंदी आणि इंग्रजीत छापतात. खातेदाराला ते हिंदीत, इंग्रजीत किंवा त्या भागाच्या भाषेत भरता येतात, आणि हिंदीत लिहिलेल्या चेकवर राष्ट्रीय पंचांगाची शके तारीखही चालते. हुंडीवरच्या मितीचे हे एवढे अवशेष चेकवर उरले आहेत.

याच काळात या दोन तालुक्यांच्या नशिबात आणखी एक गोष्ट आली. १९३६ पासून नागपूरला हायकोर्ट होते आणि सौंसरचा दावा अपिलात तिथेच जाई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि हायकोर्ट जबलपूरला गेले. घरात मराठी, पोळ्यानंतरची गोटमार जत्रा तशीच, सोयरिकी काटोल, नरखेड, वरुडच्या, बाजार नागपूरचा, पण कोर्ट दुसऱ्या राज्याचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तरी ही सीमारेषा आहे तिथेच आहे. ज्या माणसाचा खरेदीदार सीमेपलीकडे राहतो त्याच्यासाठी न वटलेला चेक ही फक्त पैशाची अडचण नसते. दावा कुठल्या गावात लावायचा, हा प्रश्न आधी येतो.

१ एप्रिल १९८९ पर्यंत न वटलेला चेक हा बहुतेक दिवाणी मामला होता. त्या दिवशी कलम १३८ लागू झाले आणि खात्यात पैसे नसताना दिलेला चेक परत येणे हा गुन्हा ठरला. सुरुवातीला शिक्षा एक वर्षापर्यंत होती. २००२ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंत नेली, आणि दंड चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत होऊ शकतो. कोर्टे या खटल्यांनी भरून गेली. २०१९ अखेर देशातल्या २ कोटी ३१ लाख प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाख १६ हजार खटले चेकचे होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली नोंदवले. पुढच्या वर्षी निवृत्त न्यायाधीशांच्या खास न्यायालयांचा प्रयोग पाच राज्यांत करायचे ठरले. महाराष्ट्र त्यात होता, मध्यप्रदेश नव्हता.

सीमेवरच्या माणसाला सर्वांत जास्त लागलेला निकाल १ ऑगस्ट २०१४ चा. ‘दशरथ रूपसिंह राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की चेक ज्या बँकेवर काढला आहे ती बँक जिथे आहे तिथेच तक्रार करायची. त्यामागचे कारण अन्यायाचे नव्हते. मोठ्या कंपन्या आपल्या सोयीच्या शहरात खटले भरून लांबच्या लहान माणसाला हेलपाटे मारायला लावत, ते थांबवायचे होते. पण सौंसरच्या बागाईतदाराला त्याचा अर्थ असा झाला की नागपूरच्या व्यापाऱ्याचा चेक परत आला तर नागपुरात वकील करायचा, तारखेला नागपुरात उभे राहायचे. दहा महिन्यांत सरकारने वटहुकूम काढला, आणि १५ जून २०१५ पासून नियम उलटा झाला. चेक ज्या शाखेतल्या आपल्या खात्यात भरला जातो, त्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात आता तक्रार करता येते. हुंडी, खत आणि चेक यांच्या या सगळ्या लांबलचक इतिहासात पैसे येणे असलेल्या शेतकऱ्याच्या दाराशी कोर्ट आणणारा हाच एक बदल मला दिसतो, आणि तो चेकमध्ये झाला नाही, पत्त्यात झाला.

मंडीच्या आवारातल्या विक्रीला आणखी एक आधार आहे. मध्यप्रदेशच्या १९७२ च्या कृषी उपज मंडी कायद्यानुसार मालाची किंमत त्याच दिवशी द्यायची. न दिल्यास पाच दिवसांपर्यंत दररोज एक टक्का जादा, आणि तरीही न दिल्यास सहाव्या दिवशी व्यापाऱ्याचा परवाना रद्द झाल्यासारखा. कापसाला हे कवच लाभते. संत्र्याचा मोठा व्यवहार मात्र बागेतच होतो. आंबिया किंवा मृग बहाराची फळे झाडावर असतानाच बाग विकली जाते, इसार हातात येतो आणि बाकी रक्कम तोड झाल्यावर, बऱ्याचदा पुढच्या तारखेच्या चेकने. २००७ च्या कायद्याने गोदामाची पावती हातोहात विकता येईल, गहाण ठेवता येईल अशी केली, आणि २०१७ पासून ती इलेक्ट्रॉनिक झाली. शेतकरी ज्या कागदाचा पहिला धनी आहे असा हा कागद. तूर, सोयाबीन, गहू पिकवणाऱ्याने तो जरूर वापरावा. झाडावरून उतरलेले संत्रे फार दिवस थांबत नाही, म्हणून बागाईतदार चेकवरच अवलंबून राहतो.

खताचा वारसा मात्र अजून चालू आहे आणि तो चेकच्या रूपात आला आहे. उसने पैसे देताना सही केलेला कोरा चेक मागून घेण्याची चाल सगळीकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘बीर सिंह विरुद्ध मुकेश कुमार’ या प्रकरणात सांगितले की स्वखुशीने दिलेला सहीचा कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यासाठीच दिला असे कायदा गृहीत धरतो, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावर येते. कोऱ्या स्टँप कागदावरच्या अंगठ्याने आजोबांचे जे केले तेच या सहीने होऊ शकते.

म्हणून बागाईतदारांना आणि कर्ज काढणाऱ्यांना इतकेच सांगायचे आहे. कोरा चेक देऊ नका, फिटलेल्या कर्जाचा चेक आणि प्रॉमिसरी नोट परत मागून घ्या, आणि घेतलेला चेक आपल्या गावच्या शाखेतल्या आपल्याच खात्यात भरा. चेकवरच्या तारखेपासून तो तीन महिनेच चालतो. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यानंतरच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची.